मोहल्ल्यात आधीच दोन विद्रोह आहेत

घरात बाळ आलं की आधी झबली साठतात, मग दुपटी, आणि मग किस्से. झबली महिन्याभरात तोकडी होतात. किस्से मात्र दर पाहुण्यागणिक लांब होत जातात! आमच्या घरी बाळ एकच, पण त्याच्या नावावरून झालेले किस्से मोजणं मी केव्हाच सोडून दिलंय. त्यातले थोडे सांगते.

आधी माझी समजूत काय होती ते सांगायला हवं. सात वर्षं बंगळूरला शिकून मी वरठीला परत आले ती ठरवून. तिकडे नोकरी मिळत होती, पण डोक्यात एकच होतं. जे शिकलो ते आपल्या मोहल्ल्यात न्यायचं. मी आले आणि महिन्याभरात दादाला मुलगा झाला. आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. पणजोबांनी धर्म बदलला, लग्नाच्या रीती बदलल्या, घरातल्या तसबिरी बदलल्या, पण आत्याचा हा हक्क कुणी काढून घेतला नाही.

मला वाटलं, हीच आपली पहिली लढाई! घरचे एखादं जुनं, झिजलेलं नाव पुढे करतील, शेजारी नाकं मुरडतील, आणि मी एकटी उभी राहून बाळासाठी आजचं, धारदार नाव खेचून आणीन.

माझ्या डायरीत अशा नावांची यादीच होती, आणि त्यात पहिलं नाव होतं 'विद्रोह'. सगळे जेवायला बसले तेव्हा मी ते जाहीर केलं. भाषणासकट.

दादा वरणभात कालवता कालवता म्हणाला, "विद्रोह तं मोहल्ल्यात दोन आहेत. एक बालवाडीत जाते, एक अजून पाळण्यात आहे. तिसरा कायले?"

लढाई तिथेच संपली.

*

मोहल्ल्यातल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत मी संध्याकाळी मुलांना शिकवते. पहिल्या दिवशी हजेरीचा कागद हातात घेतला आणि माझी सगळी डायरीच समोर बसलेली दिसली. संविधान. क्रांतिवीर. समता. एका मुलीचं नाव उल्का. मी जी नावं परिसंवादात ऐकून टिपून घेतली होती, ती इथे चपला दाराबाहेर काढून, सतरंजीवर मांडी घालून बसली होती!

त्यात एक नाव होतं 'रॅशनल'. आडनावाच्या आधी स्वच्छ अक्षरात, रॅशनल. मला भरूनच आलं. कोणत्या बापाने काय विचार करून हे नाव ठेवलं असेल!

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं, "रॅशनल का येत नाही रे?"

मागून संविधान म्हणाला, "मॅडम, त्याले दृष्ट लागली. त्याच्या आजीनं मिरच्या ओवाळून घरीच ठेवलं."

*

आमचे बाबा रेल्वेत गँगमन होते. रिटायर होऊन वर्ष झालं. बोलतात कमी, पण नावाचा विषय निघाला की त्यांच्याकडे एक ठेवणीतला किस्सा आहे. तो त्यांच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा.

आजोबांचं शाळेतलं पहिलं नाव धोंडू. त्या काळी आमच्या वस्तीत धोंडू, कचरू, दगडू अशीच नावं असायची. यापेक्षा चांगलं ठेवलं तर गावाला खपायचं नाही. पणजोबा दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी मुलाचा हात धरून शाळेत गेले. गुरुजींना म्हणाले, "याचं नाव आता आनंद आहे. तसं लिवा."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "नाव बदलून नशीब बदलते काय बापू?"

पणजोबा म्हणाले, "नाई बदललं तं पोरगाबी इथंच आहे अन् तुमची शाईबी इथंच आहे. धोंडू लिवून घेजा परत!"

परत लिहायची वेळ आली नाही. आजोबा पुढे पोस्टात लागले. बाबा सांगतात, सही करताना पेन इतकं दाबायचे की खालच्या दोन पानांवर 'आनंद' उमटायचं.

*

इथे एक गोष्ट कबूल करते. माझं नाव संघमित्रा. बाबांनी ठेवलेलं.

बंगळूरच्या हॉस्टेलवर पहिल्या दिवशी खोलीतल्या मुलीने हसून माझं पूर्ण नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं. तिने मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि "ओह, ओके" म्हणाली. हसणं तसंच राहिलं. पण त्यानंतर तिचा घरून आलेला डबा माझ्यासमोर कधी उघडला नाही. दुसऱ्या सेमिस्टरपासून मी 'मित्रा' झाले. नुसती मित्रा. लोक मला बंगाली समजायचे, आणि मी समजू द्यायचे.

म्हणून विद्रोह बाद झाल्यावर मी बाळासाठी एकच नियम केला. नावावरून काही म्हणजे काही कळता कामा नये. ना जात, ना धर्म, ना जिल्हा. आडनाव तर नकोच. घरी मात्र हे मी तत्त्वज्ञान म्हणून मांडलं. "दादा, याच्याइतकं मॉडर्न नाव कोणाचंच नसेल. मोकळं नाव! नुसता माणूस!" आणि शोधून शोधून नाव काढलं, 'कियान'.

दादाने विचार केला. "आडनाव नाई लावलं तं उद्या दाखला कसा निघन याचा?"

"ते बघू नंतर. नाव कसं वाटतं?"

"चांगलं आहे. पण पोट्टा कुठला आहे, कोणाचा आहे, हे समजन कसं?"

"समजू नये म्हणूनच तर ठेवायचं!"

"हो न," दादा म्हणाला, "पण जत्रेत हरपला तं?"

*

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोपालशेठचं किराणा दुकान आहे. त्यांचा नातू आमच्या बाळापेक्षा चार महिन्यांनी मोठा, आणि अजून बबलूच. कारण पंडितजींनी पत्रिका मांडली आणि अक्षर निघालं 'ठ'. सुनेला हवं मॉडर्न नाव. चार महिने अख्खं घर मोबाइलमध्ये 'ठ' शोधत होतं.

मी तूरडाळ आणायला गेले तर शेठ म्हणाले, "तुमच्या बाळाचं कोणतं अक्षर निघालं?"

"आम्ही अक्षर काढत नाही, शेठ. कोणत्याही अक्षरावरून ठेवतो."

शेठचा डाळीने भरलेला हात तराजूवर तसाच थांबला. "सगळे अक्षर मोकळे?"

"सगळे."

"अन् कोणी काही म्हणत नाई?"

"कोण म्हणणार?"

खरं सांगते, त्या क्षणी मला अशी काही श्रीमंती वाटली! सबंध बाराखडी आमच्या घरची! शेठनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मंग एक काम कर न बाई. आमच्याबी बबल्यासाठी एक नाव काढ. पत्रिकेत 'ठ' राहू दे, पोट्ट्याले तुझंवालं देतो!"

*

नळावर पाणी यायची वेळ म्हणजे आमच्या मोहल्ल्याची संसद. तिथल्या अध्यक्ष मंगलाबाई. बचत गट चालवतात, आणि कुणाच्याही बाळाचं नाव ऐकलं की एकच प्रश्न विचारतात. "अर्थ काय?"

मी जगभर फिरले नाही, पण सात वर्षं बाहेर राहिले. तिकडे लोक विचारतात, नाव ट्रेंडिंग आहे का, इंग्रजीत स्पेलिंग कसं. हंडा डोक्यावर घेता घेता अर्थ विचारणाऱ्या बायका मी फक्त आमच्याकडेच पाहिल्या.

"कियान म्हणजे राजा," मी इंटरनेटवरून पाठ केलेलं सांगितलं. "फारसी शब्द आहे."

मंगलाबाईंनी हंडा परत खाली ठेवला.

"राजा? कायले पाह्यजे राजा? आपण मतदान करतो न बाई!"

*

दादा इथल्या स्टील प्लांटमध्ये आहे. त्याच्या खात्यात हिरामणभाऊ नावाचे क्रेन ऑपरेटर आहेत. वयाने मोठे, त्यामुळे शिफ्टमधल्या कुणाच्याही घरी बाळ झालं की नाव पास करून घ्यायचं ते हिरामणभाऊंकडून. त्यांची पद्धत साधी आहे. नाव वाचायचं नाही, लिहायचं नाही. ओरडून पाहायचं!

"शेडमधी एवढा आवाज असते का माणूस माणसासंग हातानंच बोलते," ते मला समजावून सांगत होते. "पण जीव वाचवाचा असन तं नावच लागते. अन् चार अक्षरी नाव पूर्ण होईपर्यंत तं माणूस लोखंडाखाली येते!"

दादाचं नाव प्रशिक. प्लांटमध्ये त्याचा 'पश्या' का झाला, ते मला त्या दिवशी समजलं.

रविवारी दुपारी हिरामणभाऊ आणि दादाचे दोन मित्र मोटरसायकलींवर आले. मोहल्ल्यामागच्या मैदानात चाचणी ठरली. एक मित्र पार त्या टोकाला, रुळाच्या बाजूला उभा राहिला. हिरामणभाऊ या टोकाला, पाठ करून. तिकडून मित्राने सगळा जीव लावून हाक मारली, "कियाऽऽन!"

हिरामणभाऊ हलले नाहीत.

"ऐकू नाही आलं?" मी विचारलं.

"आलं न. झकास आलं. पण वळावं वाटलं नाई."

"का?"

"साबणाच्या जाहिरातीवानी वाटलं."

मी चिडले. म्हटलं, नावात दोष नाही, हाक मारणाऱ्यात आहे. त्याला दुसरं एखादं नाव ओरडायला सांगा, बघू. मित्राला काय सुचलं कुणास ठाऊक, तिकडून तो ओरडला, "विद्रोऽऽह!"

हिरामणभाऊ वळले. आम्ही सगळेच वळलो. आणि मैदानाला लागून असलेल्या दोन घरांतून दोन बायका पीठभरल्या हातांनी धावत बाहेर आल्या. "काय झालं वो माह्या पोट्ट्याले?"

*

वहिनी माहेरची दिघोरीची. तिचे बाबा धानाचे शेतकरी, आणि नवीन वाण लावून पाहायची त्यांना भारी हौस. मी त्यांना मामाजी म्हणते. नातवाला पाहायला आले ते नव्या तांदळाचं पोतं घेऊन, आणि शर्टाच्या खिशात घडी केलेला एक कागद. त्या कागदावर सात नावं होती. एकाहून एक मॉडर्न! 'तेजांश' तर असं की शहरातल्या इंग्रजी शाळेत पहिल्या बाकावर बसावं.

मी थक्क झाले. "मामाजी, ही नावं कुठून काढली?"

"बियाण्याच्या थैल्यांवरून," मामाजी सरळ म्हणाले. "आता कंपन्या लय चांगले नावं ठेवून राहिल्या. आमच्या वेळी नुसते नंबर राहात."

वहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. सगळा महिना ती नावाच्या वादात एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "बाबा, हा तेजांश तुम्ही लावला होता न? कसा निघाला?"

"वाण भारी आहे," मामाजी म्हणाले. "उंच होते, हिरवागार दिसते, येणारा-जाणारा थांबून पाह्यते." मग शेतकऱ्याचा खरेपणा आड आला. "फक्त वारा आला का आडवा पडते."

वहिनीने बाळाचं टोपडं नीट केलं.

"मंग दुसऱ्या वाणाचं सांगा."

*

तर अशा सगळ्या परीक्षा होऊनही मी कियानवरच अडून बसले होते. आत्याचा शब्द शेवटचा, त्यामुळे सगळ्यांनी मानही डोलावली. मोहल्ल्याचं हेच मला आवडतं. वाद घालतील भरपूर, पण ज्याचा हक्क त्याला देतील. दादाने आडनाव न लावायलाही होकार दिला, "दाखल्याचं मंग पाहू" म्हणून. रविवारी विहारात नामकरण ठरलं.

आमच्याकडे बॅनरशिवाय कार्यक्रम होत नाही. शनिवारी संध्याकाळी विहाराच्या दारावर बॅनर लागला. बॅनरभर दुपट्यात झोपलेल्या बाळाचा फोटो, त्यावर मध्ये 'नामकरण सोहळा', आणि खाली घरातल्या सगळ्यांची नावं ओळीने. कालकथित आजोबा (आमच्याकडे 'कैलासवासी' लिहीत नाहीत), बाबा, आई, दादा, वहिनी. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पूर्ण आडनाव. अगदी खाली उजव्या कोपऱ्यात इतकंच होतं. 'आत्या : मित्रा'. दादाने प्रिंटवाल्याला माझं व्हॉट्सॲपवरचं नाव होतं तसं पाठवून दिलं होतं.

मला तर तो कोपरा बरा वाटला. आटोपशीर. मी आत सतरंज्या घालत होते.

बाबा बाजारातून केळी घेऊन सायकलवर आले. सायकल उभी करून बॅनर वाचायला लागले. आयुष्यभर रुळावरचा एकेक बोल्ट हातोडीने वाजवून पाहिलेला माणूस. वाचतातही तसंच, एकेका नावाखाली बोट नेत. आजोबांच्या नावाशी थोडे थांबले. मग आई, दादा, वहिनी. मग बोट कोपऱ्यात आलं आणि तिथेच राहिलं.

"हे कोन आहे?" त्यांनी दादाला विचारलं.

"बाबा, आपली संघू न. तिचं तिकडं तसंच चालते."

बाबांनी पुन्हा एकदा वाचलं. मग कॅरियरवरून केळीची फणी उतरवत म्हणाले, "असं का. मले वाटलं, कोनी पाहुणी आहे."

आणि केळी ठेवायला आत आले. मी दाराच्या आतच उभी होते. त्यांना मी बाहेरूनच दिसले होते की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

रविवारी सकाळी सहा वाजता मी विहाराच्या कपाटातला काळा ऑइलपेंट काढला, स्टूल घेतलं आणि बॅनरच्या कोपऱ्यात माझं पूर्ण नाव लिहायला लागले. डावीकडे जागा कमी होती, उजवीकडे तर नव्हतीच. आडनाव बाळाच्या दुपट्यावर गेलं. दादा खुर्च्यांचा टेम्पो घेऊन आला आणि खाली उभा राहून पाहत राहिला.

"कियान कॅन्सल," मी वरूनच म्हणाले.

"आता? मंग काय ठेवाचं?"

"सिंहनाद. बुद्धाच्या निर्भय वाणीला म्हणतात ते."

दादाने टेम्पोवाल्याला हाताने थांबायची खूण केली. नाव एकदा पुटपुटून पाहिलं. मग जरा मोठ्याने.

"अन् आडनाव? तू तं नको म्हणत होती."

मी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

"आडनावासकट," मी म्हणाले. "माइकवर."